ठमाबाईनं उचललेला बांबू

मागच्या हप्त्यात मी आरमोरीच्या बाजारात गेली होती. पाय दुखले म्हणून चहाच्या टपरीवर बसली. बाजूले दोन पोट्टे बसले होते. मोठाल्या गाड्या, गुडघ्यावर प्लास्टिकच्या वाट्या बांधलेल्या. एक दुसऱ्याले सांगून राह्यला होता, "लॉकडाऊनमध्ये राइडला जी मजा होती ना, ती आता नाही यार. रस्ता पूर्ण खाली. आणि कोणाचं काय बिघडत होतं सांग? हेल्मेट घालून एकटा माणूस गाडीवर. कोणाला शिवत नाही, कोणाशी बोलत नाही."

माहं डोस्कं तडकलं. कोणाचं काय बिघडत होतं म्हणे. सांगावं वाटलं, पण अर्ध्या कप चहात सांगून होणारी गोष्ट नाई ते. घरी येईपर्यंत मनातल्या मनात त्याच्याशीच भांडत आली. म्हणून आता सांगतो, सगळी सांगतो.

मी आशाबाई. कोसमटोल्याच्या शाळेत खिचडी शिजवतो, सतरा वर्षं झाली. पण गोष्ट माही नाई, ठमाबाईची आहे. ठमाबाई आमच्या गावची कोतवाल. तिचा बाप कोतवाल होता, त्याले पोट्टा नव्हता, म्हणून डफडं हिच्या गळ्यात आलं. तलाठ्याचा निरोप असो, लहान लेकरायचे डोज असो, वाघ दिसला म्हणून जंगलात जाऊ नका असं सांगायचं असो, ठमाबाई चौकात उभी राहून डफडं वाजवन अन् सांगन. अंगानं काटकी, पण तिच्या आवाजानं बोडीच्या, म्हणजे आमच्या गावतळ्याच्या, पल्याडच्या म्हशी मान वर करून पाहत.

अन् रागीट. राग सगळ्यायलेच येते, मले तर भात बुडाले लागला तरी येते. पण माहा राग भांडं आपटलं का उतरते. ठमाबाईचा मुरते. एका वर्षी धनराजच्या कोंबड्यायनं तिचं पेरलेलं धान उकरलं. धनराज म्हणजे आमच्या गावचा पोलीस पाटील. दुसरी बाई असती तर त्याच्या दारात जाऊन शिव्या देऊन आली असती. ही काही बोलली नाई. तीन महिने गप. मंग दिवाळीच्या तोंडावर तलाठ्याची दवंडी देली, अन् शेवटी त्याच आवाजात जोडलं, "आणखी ऐका, पोलीस पाटलाच्या कोंबड्या उपाशी आहेत, ज्याच्या घरी दाणा असन त्यानं नेऊन द्यावा." लोकायले वाटलं सरकारी निरोप आहे. नेऊन देला न बाप्पा. धनराजच्या दारात दाण्याचे ढीग. आठ दिवस तो घराबाहेर निघाला नाई.

तिचा नवरा मुखरू तिच्या अगदी उलटा. दम्याचा माणूस. बाजेवर बसून पळसाच्या पत्रावळी लावत राहे अन् बायको भडकली का हसे. त्यायले एकच पोट्टी, रंजीता. बापाचा सगळा जीव तिच्यात. आमच्याकडचे लोक धान निघालं का तेलंगणात मिरची तोडाले जातात, तशी ती त्या वर्षी गावातल्या सात जणांसोबत गेली होती. जाताना मुखरू म्हणे, "होळीले येजो." होळी गेली. मंग लॉकडाऊन लागला, बसा बंद, रेल्वे बंद. ठेकेदार पळाला. हे आठ जण पायी निघाले.

इथी गावानं बैठक घेतली. गावाच्या दोन्ही टोकाले रस्त्यावर आडवा बांबू बांधला अन् नियम ठरला. बाहेरून जो बांबू ओलांडन, तो चौदा दिवस शाळेत राहीन. मंग तो कोणाचाबी असो. शाळेची किल्ली ठमाबाईपाशी. तिनं ती कंबरेच्या पिशवीत टाकली ते रात्रंदिवस तिथीच.

निघाल्याच्या दहाव्या दिवशी हे आठ जण पोचले. रंजीताच्या पायाले चिंध्या बांधलेल्या, चेहरा करपलेला. मुखरू बाजेवरून उठून बांबूपर्यंत आला, धापा टाकत. ठमाबाईनं त्याले दहा हात दूर उभं केलं अन् पोट्टीले सरळ शाळेत नेलं. बापलेक लांबूनच एकमेकांकडे पाहून हसले. मी खिचडी घेऊन मागं होती, मी पाह्यलं.

त्यायच्यात नीलाबाईचा पोट्टा पत्रू होता. शाळेतल्या पाचव्या दिवशी त्याची बायको बाळंत झाली. पत्रू भिंतीवरून उडी मारून घराकडे निघाला, तर ठमाबाईनं काठी घेऊन त्याले परत आत घातलं. नीलाबाईनं पाय धरले, म्हणे एकदा लेकराचं तोंड पाहू दे त्याले. ठमाबाई म्हणाली, "नियम का माह्या बापाचा आहे? सगळ्यायचा आहे." नीलाबाई जाताना बोलून गेली, "जावं त्याच्या वंशा तेव्हा कळे, ठमा." मीबी तेव्हा तिथीच होती. मले ते बोलणं आवडलं नाई, पण तोंडातून निघालं ते निघालं.

अकराव्या दिवशी मुखरू गेला. दम्यानंच गेला, पहाटे. रविवार होता.

आमच्याकडं मेलेल्याच्या तोंडात घरच्यायनं पाणी घालावं लागते. त्याशिवाय माणूस निघत नाई. रंजीता शाळेच्या फाटकाशी उभी राहून रडून राह्यली होती. एवढ्या जवळ का तिले आपल्या घरातलं रडणं ऐकू ये. धनराज म्हणाला, "ठमाबाई, आणू पोट्टीले. ती तोंडाले फडकं बांधून येईन, पाणी घालीन, परत जाईन. कोन पाहते?" सगळे हो म्हणाले. मीबी म्हणाली. ठमाबाईनं नीलाबाईकडे पाह्यलं. नीलाबाई भिंतीले टेकून उभी होती. मंग ठमाबाई म्हणाली, "नाई. नियम सगळ्यायचा आहे." अन् पोट्टीच्या वाटचं पाणी तिनं स्वतःच्या हातानं नवऱ्याच्या तोंडात घातलं. रंजीतानं फाटकातल्या पायरीवर लोटाभर पाणी ओतलं, घराकडं तोंड करून. मी लोटा देला होता तिले.

आता ते ऐका, ज्याच्यासाठी हे सगळं सांगून राह्यली.

तिरडी उचलली. दहा-बारा माणसं, तोंडाले फडकी, रस्त्यानं चालले. आम्ही बाया जराशा मागं. तेवढ्यात मागून हॉर्न. पाच मोठ्या फटफट्या. समोरच्या गाडीच्या काचेवर कागद चिकटवलेला, 'अत्यावश्यक सेवा'. धनराजनं बांबूवर ज्याले बसवलं होतं त्यानं कागद पाहून बांबू उचलला होता. गाड्या मागं येऊन गुरगुरून राह्यल्या, हॉर्नवर हॉर्न. आमच्या माणसायनं तिरडी रस्त्याखाली उतरवली, नालीत. मुखरूले नालीत उतरवलं अन् गाड्यायले रस्ता देला. पहिला पोट्टा जाता जाता एका हातानं फोन धरून शूटिंग करून राह्यला होता. मंग ते बोडीवर गेले, पोहले, कोंबडी भाजली, पळसाच्या झाडाखाली फोटो काढले अन् संध्याकाळी परत गेले. जाताना शाळेसमोरून गेले. रंजीता खिडकीत उभी होती. एकानं तिले हात हलवला.

चौदा दिवस झाले. रंजीता घरी आली. आईशी बोलली नाई. आईनं वाढलेलं ताट तसंच राही. माह्या घरी येऊन दोन घास खाये. तिसऱ्या दिवशी पत्रूनं तिले त्याचा फोन दाखवला. त्या पोट्ट्यानं ते शूटिंग टाकलं होतं, खाली लिहिलं होतं 'जंगलातला रविवार', अन् मागं गाणं. नालीतली तिरडी दिसे. फडकं जरा सरकलं होतं तर मुखरूचं तोंड दिसे, डोळा मिटून उघडेपर्यंत. रंजीतानं ते कितीदा पाह्यलं मले माहीत नाई. बापाचं शेवटचं तोंड तिले त्या फोनात दिसलं, गाण्यासंगं.

संध्याकाळी ती उठून आईपुढं गेली. मी तिथीच तांदूळ निवडत होती. एवढ्या दिवसायनी पहिल्यांदा तोंड उघडलं तिनं, पण माय म्हणलं नाई. म्हणाली, "तुहा नियम सगळ्यायचा होता ना? मंग ते पाच जण काऊन नाई बसले शाळेत? ते बसले असते तर मीबी बापाचं पाणी विसरली असती. आता नाई विसरत." अन् आत निघून गेली.

ठमाबाईनं कंबरेची पिशवी घट्ट बांधली. मले तिचं तोंड पाहून धनराजच्या कोंबड्या आठवल्या.

रविवारी सकाळीच ती बांबूपाशी जाऊन बसली. ज्याची पाळी होती त्याले घरी पाठवलं. गावाच्या पल्याडच्या टोकाले तिनं आदल्या दिवशीच सागाचं खोड आडवं पाडून घेतलं होतं, साखळीनं बांधून. मले म्हणाली, "आशा, खिचडीचा गंज मोठा ठेव. पाच माणसं जास्त आहेत." मी म्हणलं, येतीनच कायच्यावरून? ती म्हणे, "ज्याले एकदा रस्ता भेटला तो येतेच."

अन् आले. दहाच्या सुमारास. तेच पाच. पुढचा तोच, शूटिंगवाला. रोशन नाव त्याचं, ते मंग समजलं. हेल्मेट काढून म्हणे, "काकू, मेडिसिन द्यायला चाललो."

"कुठी?"

"पुढच्या गावात."

"पिशवी दाखव."

पोट्टा हसला. मंग खरं बोलला. "काकू, काही नाही हो. महिनाभर घरात बसून डोकं फिरलं. जरा फिरायला. आम्ही कोणाला हात लावत नाही, गाडीवरून उतरतसुद्धा नाही. आमच्यामुळे कोणाला काय होणार?"

ठमाबाई म्हणाली, "बरोबर आहे बाबू. या." अन् स्वतःच्या हातानं बांबू उचलला.

त्या पोट्ट्यायले वाटलं, बांबू उचलला म्हणजे परवानगी भेटली. शहरात तसंच असन. आमच्या गावात बांबूच्या आत आला तो गावाचा झाला. पाची गाड्या आत आल्या, ठमाबाईनं बांबू खाली टाकला, साखळी घातली अन् डफडं गळ्यात अडकवलं.

तसा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. "ऐका हो, गावात बाहेरचे पाच जण आले आहेत. नियमानं चौदा दिवस शाळेत राहतीन. गावानं येऊन पोचवून द्यावं." पाच मिनिटात सगळं गाव रस्त्यावर. काठ्या होत्या, पण कोणाले लावली नाई, हे मी शपथेवर सांगतो. लावायचं कामच नव्हतं पडलं. गाड्या पल्याडच्या टोकाले गेल्या, सागाचं खोड पाह्यलं, परत फिरल्या, इकडं बांबू पाह्यला. नीलाबाई सगळ्यायच्या पुढं उभी होती. गाड्यायच्या किल्ल्या ठमाबाईच्या पिशवीत गेल्या.

पोट्ट्यायनं धमक्या देल्या, वकील काढले, मामा काढले. ठमाबाईनंच तहसिलात फोन लावला, जसा ती दर वेळी लावे. "बाहेरचे पाच, नावं लिहून घ्या." दुपारी पोलिसाची गाडी आली. त्यायनं काचेवरचा कागद पाह्यला. तो कोण्या काकाच्या दुकानाचा होता, अन् तारीख कधीच निघून गेली होती. साहेब म्हणाले, "इथून नेलं तर गुन्हा दाखल करून नेतो. नाही तर गावाच्या नियमानं चौदा दिवस काढा. बोला." पोट्ट्यायनं घरी फोन लावले अन् मंग गुन्ह्यापेक्षा शाळा बरी म्हणाले.

मी त्यायले खिचडी देली, लोकायले जी देतो तीच. पहिल्या दिवशी मॅगी मांगतली, तर दुसऱ्या दिवशी मी मीठ टाकाले विसरली. विसरली म्हणजे विसरली. हापशीवरून स्वतःचं पाणी आणा, भांडे घासा. अन् ठमाबाई रोज पाचले त्यायच्या खिडकीखाली उभी राहून डफडं वाजवे, "ऐका, आज तिसरा दिवस. ऐका, आज चौथा दिवस." आपल्या पोट्टीच्या वेळी तिनं एकबी दिवस मोजला नव्हता.

एकदा रोशननं भिंतीवरून विचारलं, "काकू, आम्हाला खोकला नाही, ताप नाही. आम्ही कोरोना आणला नाही. मग ही कसली शिक्षा?"

ठमाबाई म्हणाली, "तू कोरोना आणला म्हणून नाई ठेवला तुले. माही पोट्टी रस्त्यानं पायी आली, अन् तिले ठेवलं. तू त्याच रस्त्यावर मजा कराले आला. म्हणून ठेवला."

मले बरं वाटे. खोटं कायले बोलू? मोठ्या गाड्या शाळेच्या पटांगणात धूळ खात उभ्या, कोंबड्या त्यायच्यावर बसतात, हे पाहून माह्या छातीत थंडावा ये. फक्त रंजीता अजून आईशी बोलत नव्हती. ती शाळेसमोरून पाण्याले जाये, पोट्ट्यायकडे एकदा पाहे, अन् पुढं निघून जाये.

त्यायच्या अकराव्या दिवशी मी चूल पेटवत होती तर रोशन फाटकाशी आला. अनवाणी. हातात फोन. ठमाबाई बाहेर ओट्यावर बसली होती, धनराज तिथीच होता.

"काकू," पोट्टा म्हणाला, "माझी आजी गेली."

मी फुंकणी खाली ठेवली.

"माझी आई मी तीन वर्षांचा असताना गेली. आजीनंच वाढवलं मला. अकरा दिवस खोटं सांगितलं तिला, मित्राकडे आहे म्हणून. गुन्हा दाखल करा, गाडी ठेवून घ्या, काहीही करा. मला नागपूरला जाऊ द्या. तोंड पाहतो आणि परत येऊन बसतो इथे. आईची शपथ."

तो रडला नाई. फाटकाचा गज धरून उभा होता, बोटं पांढरी पडली होती. धनराज हळूच म्हणाला, "जाऊ दे ठमाबाई. मयत आहे." अन् खरं सांगतो, मलेबी वाटलं जाऊ द्यावं. लेकरू ते लेकरूच.

ठमाबाई उठली. पिशवीतून किल्ली काढली. किल्ली कुलपात गेलेली मी माह्या डोळ्यानं पाह्यली.

"माय."

रंजीता हापशीवरून येत होती, डोक्यावर पाण्याचा गुंड, हातात लोटा. किती दिवसायनी तिनं माय म्हणलं. ठमाबाईचा हात तिथीच थांबला.

रंजीतानं गुंड खाली ठेवला. "माय, उघड कुलूप. फक्त मंग बापाले पाणी काऊन नाई घालू देलं, तेवढं सांग."

एक कुलूप उघडलं असतं तर ठमाबाईनं नवऱ्याशी अन् पोट्टीशी जे केलं होतं ते सगळं खोटं झालं असतं.

रोशन म्हणाला, "ताई, घरचे लोक थांबणार नाहीत. म्हणतात, फोनवर दाखवतो तोंड."

"मीबी फोनवरच पाह्यलं," रंजीता म्हणाली. "तुह्याच फोनानं काढलेलं. नालीत होता माहा बाप. मागं गाणं होतं."

पोट्ट्याले पहिले समजलं नाई. मंग समजलं. तो फाटकाच्या आतल्या बाजूले खाली बसला. ठमाबाईनं किल्ली कुलपातून काढली अन् पिशवीत टाकली.

रंजीतानं गुंडातून लोटा भरला अन् गजातून आत देला. "घाल. मीबी या पायरीवरूनच घातलं होतं." त्यानं लोटा घेतला अन् पाणी ओताले लागला, तर ती म्हणाली, "तिकडं नाई. नागपूर या बाजूले आहे." तो वळला. पाणी पायरीवरून खाली मातीत गेलं. रंजीतानं लोटा परत घेतला, घासला, अन् गुंड उचलून घरी गेली.

त्या दुपारी तिनं आईचं ताट वाढलं. "माय, जेव," म्हणाली. मी दारात होती. ठमाबाई जेवली. कोणाले वाटन घास उतरला नसन, पण उतरला. भात मांगून घेतला तिनं.

पंधराव्या दिवशी गाड्यायच्या किल्ल्या परत देल्या. पोट्ट्यायच्या दाढ्या वाढल्या होत्या. रोशन सगळ्यात शेवटी निघाला. बांबूपाशी थांबला, हेल्मेट काढलं.

"काकू, त्या दिवशी किल्ली कुलपात होती. मी पाहिली. तुम्ही उघडणार होता."

"हाव."

"मग का नाही फिरवली?"

ठमाबाई म्हणाली, "माही पोट्टी मले माय म्हणाली, म्हणून."

अन् तिनं बांबू उचलला. पाच गाड्या हळूहळू गावाबाहेर गेल्या. हॉर्न कोणीच वाजवला नाई.